हाक आमची नव्हे

दरवर्षी पास्काकाळातील चौथ्या रविवारी आमच्या धर्मग्रामात एक ठरलेला प्रसंग घडतो. त्या दिवशी उत्तम मेंढपाळाचे शुभवर्तमान वाचले जाते. पोप सहावे पॉल यांनी १९६४ सालापासून पाचारणासाठी प्रार्थना करण्याचा दिवस जगभरच्या ख्रिस्तसभेला नेमून दिला, तो हाच रविवार. प्रवचन संपता संपता फादर लहानग्यांकडे वळून विचारतात, "तुमच्यापैकी फादर कोण होणार? सिस्टर कोण होणार?" चिमुकले हात भराभर वर जातात आणि चर्चमध्ये हास्याची लहर उमटते. अशा वेळी मुलांकडे न पाहता त्यांच्या पालकांकडे पाहावे. काही आया अभिमानाने आजूबाजूला नजर टाकतात. एखादा बाप आपल्या एकुलत्या मुलाचा हात वर गेलेला पाहून चपापतो. काही वर्षांपूर्वी आमच्या पुढच्या बाकावर एक आई आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन बसली होती. मुलाने हात वर केला नव्हता. आईने त्याला कोपराने ढोसले. त्याने हात वर केला, पण वर करताना वळून आईकडे पाहिले. "आता झालं ना तुझ्या मनासारखं?" असे विचारणारी ती नजर होती.

ती नजर आम्हां उभयतांच्या परिचयाची होती. आमच्या थोरल्या मुलाने कितीतरी वर्षे आमच्याकडे तशीच पाहिली होती.

आम्ही पतिपत्नी गेली वीसेक वर्षे धर्मग्रामात दृढीकरणाच्या वर्गाला शिकवीत आहोत. त्यामुळे पुष्कळ पालक आमच्याकडे येतात आणि विचारतात, "आमच्या मुलाचं पाचारण कोणतं, हे आम्ही कसं ओळखावं? देवानं त्याला काय दिलंय, ते आम्हांला कसं कळावं?" आम्हांला त्याचे उत्तर ठाऊक असणार, असे ते गृहीत धरतात. जे थोडेफार ठाऊक आहे ते आम्ही एक मोठी चूक करून शिकलो. ती चूक आजवर आम्ही चारचौघांत सांगितली नव्हती. आता मुलाच्या संमतीने लिहीत आहोत.

१९८७ सालच्या पावसाळ्यात आमच्या चार वर्षांच्या थोरल्याला विषमज्वर झाला. ताप उतरेना. अकराव्या रात्री घरातल्या क्रुसापुढे आमच्यापैकी जी आई आहे तिने गुडघे टेकले आणि म्हटले, "देवा, हा वाचला तर तो तुझाच." जो बाप आहे त्याने मागे उभे राहून आमेन म्हटले. तीन दिवसांनी ताप उतरला. आम्ही दोघांनी बायबल उघडून शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातील हन्नाची कथा वाचली. मूल व्हावे म्हणून रडणारी, मूल झाले तर ते परमेश्वराला वाहीन असे वचन देणारी आणि ते वचन पाळणारी ती माता! आमच्या नवसाला जणू पवित्र शास्त्राचाच आधार मिळाला, असे आम्हांला वाटले.

तेव्हापासून घरात आणि आळीत तो 'आमचा फादर' झाला. पाहुणे आले की त्याला पुढे करून 'हे आमच्या बापा' म्हणायला लावीत असू. खांद्यावर पंचा टाकून तो मिस्साचा खेळ खेळे तेव्हा आम्ही कौतुकाने पाहत असू. मात्र याच मुलाला आणखी एक खेळ प्रिय होता, त्याचे कौतुक आम्ही कधी केले नाही. वाडीतल्या विहिरीवरचा रहाट थांबून विजेचा पंप बसला त्याला तेव्हा काही वर्षे झाली होती. हा मुलगा पंपाजवळ बसून त्याचा आवाज ऐकत बसे. दहा वर्षांचा असताना एके दिवशी तो आजोबांना म्हणाला, "आबा, बेअरिंग गेलंय." मिस्त्री आला, त्याने पंप उघडला, बेअरिंगच गेले होते. आजोबांनी नातवाच्या पाठीवर थाप मारली. आम्ही मात्र म्हटले, "फादरला बेअरिंगशी काय करायचंय? हातपाय धू आणि अभ्यासाला बस." त्याच्या हातांचे ग्रीस आम्ही घासून घासून काढीत असू.

२२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. बिशप थॉमस डाबरे हे आमचे पहिले बिशप. ते दिवस मोठ्या उत्साहाचे होते. नव्या धर्मप्रांताला नवे धर्मगुरू हवेत, असे प्रत्येक प्रवचनात ऐकू येई आणि प्रत्येक वेळी आम्हांला वाटे की हे आमच्या घरालाच उद्देशून आहे. २००१ साली बारावी झाल्यावर थोरला सेमिनरीत दाखल झाला. निरोपाच्या दिवशी सारी आळी जमली, हार घातले गेले, छायाचित्रे काढली गेली. तो सर्वांच्या पाया पडला. तो फारसा बोलला नाही, पण मुळातच तो कमी बोलणारा म्हणून आम्ही ते मनावर घेतले नाही.

मे २००३ मध्ये तो परत आला. रात्रीच्या शेवटच्या गाडीने आला; स्टेशनवर ओळखीचे कुणी भेटू नये म्हणून. सोबत रेक्टरांचे पत्र होते. मुलगा सद्गुणी आहे, प्रार्थनाशील आहे, त्याच्याविषयी कोणतीही तक्रार नाही. परंतु हा मार्ग त्याचा नाही असे त्यालाही वाटते आणि त्याच्या मार्गदर्शकांनाही, अशा आशयाचे ते अतिशय सहृदय पत्र होते. आम्ही ते दोनदा वाचले आणि कपाटात ठेवून दिले.

आम्ही त्याला रागावलो नाही. रागावलो असतो तर कदाचित बरे झाले असते. आम्ही गप्प झालो. निरोपाच्या दिवशीचे छायाचित्र भिंतीवरून उतरले. आठच्या मिस्साला जाणारे आम्ही सहाच्या मिस्साला जाऊ लागलो, कारण त्या वेळी गर्दी कमी असते. आपल्या समाजात सेमिनरीतून परतलेल्या मुलाला 'परत आलेला' म्हणतात. बाजारातून नापसंत होऊन परत आलेल्या मालाला लावावा, तसा तो शब्द आहे. लोक तो आमच्या माघारी उच्चारीत असतील. आम्ही तो मनातल्या मनात उच्चारीत होतो.

चार महिन्यांनी एका रात्री जेवण झाल्यावर तो म्हणाला, "आई, शब्द तुम्ही दिला होता. मला कुणी विचारलं नव्हतं. तरी दोन वर्षं मी तो पाळून पाहिला." एवढे बोलून तो ताट घेऊन उठला आणि मोरीत जाऊन घासू लागला. आम्ही दोघे पाटावर तसेच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका निवृत्त, वयोवृद्ध धर्मगुरूंकडे गेलो. नवस फेडता आला नाही, आता देवाला काय सांगावे, हा आमचा प्रश्न होता. फादरांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ख्रिस्तसभेच्या कायद्यातली. १९८३ साली जाहीर झालेल्या कायदेसंहितेच्या ११९३ व्या कलमात म्हटले आहे की नवस हा स्वभावतःच तो करणाऱ्यालाच बांधतो. "नवस तुमचा आहे," फादर म्हणाले, "मग फेडायचाही तुम्हीच. मुलाच्या नावावर कर्ज काढून ते त्याच्याकडून वसूल करता येत नाही. तुम्हांला देवाला काही द्यायचंच असेल तर तुमचे रविवार द्या. धर्मशिक्षणाला माणसं कमी पडताहेत."

दुसरी गोष्ट सांगताना ते किंचित हसले. "हन्नाची गोष्ट तुम्ही वाचलीत, पण पहिल्या अध्यायावरच थांबलात. घरी जाऊन तिसरा वाचा."

आम्ही घरी येऊन तिसरा अध्याय वाचला. तो आम्हांला अपरिचित नव्हता. तो आम्ही कितीदा ऐकला होता! परंतु त्या रात्री तो प्रथमच आमच्याविषयी आहे असे जाणवले. हन्नाने बाळ शमुवेलला परमेश्वराच्या मंदिरात आणून ठेवले, हे खरे. पण तेवढ्याने त्याचे पाचारण झाले नाही. तो मंदिरात वाढत होता, वृद्ध याजक एलीच्या हाताखाली सेवा करीत होता, आणि तरीही त्याला परमेश्वराची ओळख अद्याप झाली नव्हती असे शास्त्र सांगते. मातेचे अर्पण ही एक गोष्ट आणि देवाची हाक ही दुसरी. ती हाक पुढे एका रात्री आली, त्याचे नाव घेऊन आली, आणि ती येताना हन्ना तिथे नव्हती.

त्या प्रसंगात एलीचे वागणे पाहण्यासारखे आहे. मुलगा धावत येतो आणि म्हणतो, मी आलो, आपण मला बोलावलेत. एली म्हणतो, मी बोलावले नाही, जाऊन झोप. असे तीनदा घडते. तिसऱ्या वेळी एलीच्या ध्यानात येते की मुलाला हाक मारणारा परमेश्वर आहे. त्याची दृष्टी मंद झालेली आहे, स्वतःच्या मुलांना तो आवरू शकलेला नाही. पण एक मोठी गोष्ट त्याला साधली आहे. "मी बोलावले नाही" असे तो प्रामाणिकपणे म्हणू शकतो. मग तो मुलाला उत्तर कसे द्यावे तेवढे शिकवतो आणि परत त्याच्या जागी पाठवतो. स्वतः मात्र त्याच्यासोबत जात नाही. आम्ही तर आमच्या मुलाला सोळा वर्षे हाक मारीत होतो आणि ती देवाची आहे असे त्याला सांगत होतो. इतक्या मोठ्या आवाजात दुसरी कोणती हाक त्याला ऐकू येणार होती?

दिवाळीनंतर थोरला शेजारच्या गावात एका मोटार वाइंडिंगच्या दुकानात कामाला जाऊ लागला. पंपाच्या जळालेल्या मोटारी तिथे दुरुस्तीला येत. जळालेली तार काढायची, खाचा साफ करून त्यांत कागद बसवायचा, नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची, वार्निश चढवून वाळवायचे. वेढे मोजताना एकाग्रता ढळली तर सारे काम वाया जाते. पाच-सहा वर्षांनी त्याने आमच्याच वाडीच्या कडेला पत्र्याची शेड घालून स्वतःचे दुकान सुरू केले. दहावीला नापास झालेली, शाळेने आणि घराने आशा सोडलेली दोन मुले त्याच्याकडे काम शिकायला आली. ती गेली तेव्हा दुसरी आली. आजवर किती आली याचा हिशेब त्याने ठेवलेला नाही. त्यांतली काही हिंदू घरांतली, काही वाड्यापाड्यांवरच्या आदिवासी घरांतली.

एका संध्याकाळी आम्ही चहा घेऊन शेडमध्ये गेलो. एका पोराने भरलेली कॉइल दुसऱ्यांदा चुकली होती. पोरगा मान खाली घालून, आता शिव्या बसणार अशा बेताने उभा होता. थोरल्याने तार कापून काढली, बाजूच्या टोपलीत टाकली, नवे रीळ त्याच्या हाती दिले आणि म्हणाला, "मोज. घाई नाही. मी बसलोय." आणि खरोखरच तो त्याच्या शेजारी स्टुलावर बसून राहिला. पोरगा पुटपुटत वेढे मोजू लागला. आम्ही चहा ठेवून बाहेर आलो. वाडीत केळींमधून चालताना आमच्यापैकी कुणीच काही बोलले नाही. देवाने या मुलाच्या ठायी काय ठेवले होते, ते आम्हांला त्याच्या वयाच्या तिसाव्या वर्षाच्या आसपास दिसले. दहाव्या वर्षी पंपाजवळ कान लावून बसलेल्या त्या पोरात ते सारे होते: हात, कान आणि सबुरी. आम्ही ग्रीस घासून काढण्यात गुंतलो होतो.

त्यानंतर आम्ही आपल्या वसईच्या संताचे चरित्र नव्याने वाचले. संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव गासच्या चर्चला आहे, वसईच्या महाविद्यालयाला आहे. त्यांचा सण आपण दरवर्षी थाटाने साजरा करतो. १५५७ च्या सुमारास वसईत, पोर्तुगीज पिता आणि इथलीच माता यांच्या पोटी जन्मलेला हा मुलगा येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली शिकला आणि कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथे त्याने अनेक वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले आणि जपानी भाषा उत्तम आत्मसात केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची तळमळ होती. तो मिळाला नाही. निराश होऊन तो बाहेर पडला आणि व्यापारी झाला. व्यापारात भरभराटही झाली. आजच्या आपल्या भाषेत सांगायचे तर तोही 'परत आलेला' होता! पुढे मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात आला, तोही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा बंधू म्हणून. १५९३ साली फादर पीटर बाप्टिस्ट जपानला निघाले तेव्हा त्यांना दुभाष्याची गरज होती, आणि जपानी जाणणारा हा वसईकर बंधू त्यांच्यासोबत गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जण क्रुसावर हुतात्मे झाले, त्यांत तो होता. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्या सर्वांना संतपद दिले. ज्या वर्षांना गोन्सालो स्वतः कदाचित वाया गेलेली वर्षे म्हणाला असता, त्याच वर्षांत तो भाषा शिकला होता, आणि पुढे देवाने त्याच्याकडे मागितली ती तीच भाषा.

फ्रान्समधील लुई आणि झेली मार्टिन या दांपत्याची कथाही अशीच. लुईला मठवासी व्हायचे होते. लॅटिन येत नाही म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. झेलीला धर्मभगिनी व्हायचे होते. तिलाही प्रवेश नाकारला गेला. तो घड्याळे दुरुस्त करू लागला, ती लेस विणण्याचा व्यवसाय करू लागली. १८५८ साली त्यांचा विवाह झाला. नऊ मुलांपैकी चार बालपणीच गेली, उरलेल्या पाचही मुली धर्मभगिनी झाल्या. त्यांतली धाकटी म्हणजे बाळ येशूची संत तेरेजा. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी या पतिपत्नींना एकत्र संतपद बहाल केले. लेस विणणारी आई आणि घड्याळे दुरुस्त करणारा बाप! दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली सांगितले की पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे, कुटुंब ही जणू गृह-ख्रिस्तसभा आहे आणि आईबापांनी प्रत्येक मुलाला त्याच्या स्वतःच्या पाचारणात उत्तेजन द्यावे. 'त्याच्या स्वतःच्या' हे शब्द आमच्या नजरेतून वर्षानुवर्षे निसटले होते.

यावर कुणी म्हणेल की अशाने धर्मगुरू आणि धर्मभगिनी कमी होतील. आमच्या घरातला अनुभव निराळा आहे. थोरल्याच्या पाठची मुलगी शिक्षिका होती. २००९ साली तिच्यासाठी स्थळे पाहण्याची बोलणी चालली असता तिने सांगितले की तिला धर्मभगिनी व्हायचे आहे. एक मुलगा देवाला न विचारता देऊन टाकणारे आम्ही. देवाने मुलगी मागितली तेव्हा मात्र आमच्या डोळ्यांना पाणी आले आणि तोंडातून नकार निघाला. नंतर कळले की आमच्या आधी सहा महिने तिने हे आपल्या थोरल्या भावाला सांगितले होते. आम्ही त्याला विचारले, "तू तिला काय म्हणालास?" तो म्हणाला, "एवढंच विचारलं, बाय, तुला जायचंय की कुणाला तरी बरं वाटावं म्हणून चाललीस? आणि म्हटलं, परत यावंसं वाटलं तर दिवसाच्या गाडीनं ये. मी स्टेशनवर येईन." एलीचे काम आमच्या घरात आमच्या 'परत आलेल्या' मुलाने केले. मुलगी गेली, राहिली आणि आज दूरच्या एका मिशन केंद्रात आनंदाने शिकवीत आहे.

धर्मगुरूपदाचे पाचारणही प्रत्येकाला एकाच साच्यात घालीत नाही. नंदाखाल गावच्या एका शेतकरी घरात १९४२ साली जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे धर्मगुरू होते, त्याबरोबरच लेखक, संपादक आणि हरित वसईसाठी उभे राहिलेले कार्यकर्ते होते. २०२० साली तेव्हाच्या उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली ते आपल्यातून गेले. लेखणीची आवड असलेल्या त्या मुलाला कुणी, "फादरला लिहिण्याशी काय करायचंय?" असे म्हणून थांबवले असते तर आपण किती गोष्टींना मुकलो असतो!

आज आमच्या वर्गात येणाऱ्या मुलांच्या घरी नवस क्वचितच बोलले जातात. पण नवसासारखेच काहीतरी वेगळ्या नावाने चालू असते. मूल सहावीत असतानाच ते अभियंता होणार हे ठरलेले असते. कुणाच्या घरी कॅनडा ठरलेला असतो, कुणाच्या घरी ऑस्ट्रेलिया. वाड्या जाऊन इमारती आल्या, शेतीवर भागत नाही, मुलांनी स्थिरस्थावर व्हावे ही आईबापांची चिंता खरी आहे. तिला आम्ही हसत नाही. आम्हीही त्याच चिंतेतून गेलो आहोत. मात्र चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला "तुला काय आवडतं?" असे विचारले असता ते जेव्हा "पप्पांना विचारून सांगतो" असे म्हणते, तेव्हा आम्हांला वाईट वाटते.

मग पालकांनी करावे तरी काय? आम्ही आमच्या वर्गात जे करतो ते सांगतो. दृढीकरणाच्या तयारीत मुले पवित्र आत्म्याची सात दाने तोंडपाठ म्हणून दाखवतात. त्यानंतर आम्ही त्यांच्या पालकांना एक साधी वही देतो आणि वर्षभर मुलाला काहीही न सांगता त्यात नोंदी करायला सांगतो. कुणी सांगितले नसताना मूल काय करीत बसते? कोणते काम करताना त्याला वेळेचे भान राहत नाही? काय बिघडलेले, कोण दुखावलेले त्याला पाहवत नाही? इतर मुले कोणत्या मदतीसाठी त्याच्याकडे येतात? परीक्षेचे गुण त्या वहीत लिहायचे नाहीत. ते शाळा लिहितेच. वर्षअखेरीस वही वाचताना पुष्कळ आईबाप चकित होतात. एका वडिलांनी लिहिले होते की मुलगी रोज शाळेतून येताना आजारी शेजारणीच्या दारात पाच मिनिटे उभी राहते, हे त्यांना वही लिहीपर्यंत ठाऊकच नव्हते.

मुलांना आम्ही संत इग्नेशियस यांची गोष्ट सांगतो. १५२१ साली पांप्लोना येथील लढाईत तोफगोळ्याने पाय जायबंदी होऊन ते घरी अंथरुणाला खिळले होते. शौर्याची स्वप्ने रंगवताना त्यांना आनंद होई, पण नंतर मन कोरडे पडे. ख्रिस्ताचे आणि संतांचे जीवन वाचून त्यांच्यासारखे जगण्याचा विचार केला की आनंद होई, आणि तो नंतरही टिकून राही. हा फरक त्यांच्या ध्यानात आला आणि त्यातूनच त्यांना मार्ग सापडत गेला. रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे मुलाने एवढेच आठवावे: आज कशामुळे आनंद झाला, आणि तो अजून टिकला आहे का? ही सवय लहानपणी लागली तर पुढे मोठा निर्णय घेण्याची वेळ येते तेव्हा मुलाला स्वतःच्या मनाची भाषा येत असते. आईबापांनी मुलाबरोबर बसून स्वतःचाही दिवस असाच आठवावा, पण मुलाचे उत्तर तपासू नये.

शुभवर्तमानात परदेशी जाणाऱ्या धन्याने आपल्या दासांजवळ धन ठेवल्याचा दाखला आहे. एकाला पाच, एकाला दोन, एकाला एक. तिसऱ्याने भीतीने ते जमिनीत पुरले. हा दाखला आम्ही मुलांना शिकवीत होतो तेव्हा नेहमी म्हणत असू, "तुमचे दान पुरून ठेवू नका." आता आम्ही तो आईबापांनाही वाचून दाखवतो. मुलाचे दान पुष्कळदा मूल पुरत नाही. आपण पुरतो, आणि तेही त्याच्या भल्यासाठी.

थोरल्याचे लग्न होऊन आता त्याला सात वर्षांची मुलगी आहे. आम्ही सारे पुन्हा आठच्याच मिस्साला जातो. गेल्या पाचारण रविवारी फादरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. आजूबाजूचे हात वर गेले. आमची नात आम्हां दोघांच्या मध्ये बसली होती. तिने हात वर केला नाही. ती पुढच्या बाकाच्या सैल झालेल्या खिळ्याकडे पाहत होती. इतक्या वर्षांनंतरही आमचा हात तिच्या पाठीकडे जाण्यासाठी क्षणभर हलला, हे कबूल करतो. पलीकडे बसलेल्या तिच्या बापाने आमच्याकडे पाहिले. आम्ही हात परत मांडीवर घेतला आणि तिच्यासाठी मनात प्रार्थना केली की, प्रभो, तू हिला जेव्हा हाक मारशील, जिथे मारशील, तेव्हा आमच्या घरात शांतता असू दे.